आटपाडीला कांदळ

आटपाडी तालुक्यात बाजरी होते, मटकी होते, आणि अलीकडे काही जणांकडे डाळिंब होतं. बाभूळ कुणाला न विचारता होते. पाऊस होतो, असंही काही जण म्हणतात.

नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात अर्जुनाच्या परड्यात कांदळ उगवलं.

कांदळ हे खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यात वाढणारं झाड आहे. भरतीला ते कमरेपर्यंत बुडतं आणि ओहोटीला आपल्या मुळांच्या तंगड्यांवर उभं राहतं. अर्जुनाच्या परड्यात भरती येत नाही. टँकर येतो, तोही रस्त्यापर्यंत.

अर्जुना आणि त्याची बायको हरणाबाई यांनी हे हौसेनं केलेलं नव्हतं. ही झाडं मेली असती, तर येत्या हिवाळ्यात त्यांच्या मेंढरांना कोकणात बसायला गाव उरलं नसतं. एवढंच.


*जागा बसते म्हणजे काय*

दिवाळी झाली की अर्जुनाचा वाडा निघतो. हा वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, दोन-तीन बिऱ्हाडं आणि त्यांचा पसारा, हे सगळं चालायला लागलं की त्याला वाडा म्हणतात. आटपाडी, म्हसवड, फलटण, लोणंद, शिरवळ, भोर, मग घाट उतरून महाड, आणि तिथून खाडीच्या कडेचं भोईखार. तोवर भोईखारला भातं कापून झालेली असतात. मोकळ्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी रान खतवायचं, आणि शेतकऱ्यानं त्याबद्दल भात द्यायचं. अर्जुनाचा बाप हेच करत होता. त्याच्या बापाचं कुणाला आठवत नाही, पण तोही दुसरं काही करत असेल असं वाटत नाही.

मेंढरांभोवती जाळीचं कुंपण, म्हणजे वाघर, लावण्याआधी एक रीत होती. ज्या शेतात बसायचं त्या घरच्या बाईनं आपल्या गावचा हिरवा पाला आणून मेंढरांपुढे ठेवायचा. पाला त्याच गावचा हवा, वाटेत तोडलेला चालत नाही. म्होरक्या एडक्यानं पाल्याला तोंड लावलं की जागा बसली. मग त्या हंगामात वाड्याला त्या शेतातून कुणी उठवायचं नाही, भांडण झालं तरी.

एडक्यानं तोंड लावलं नाही तर काय, हा प्रश्न कधी आला नव्हता. घाट उतरून आलेला एडका पाला नाकारत नाही.


*तिघांचं म्हणणं*

अर्जुनाचं म्हणणं:

"आमी पोचलो तवा गावात माणूस न्हाई. समदी बांधावर गेलती, बांध फुटला हुता म्हणून. आमाला काय ठावं? आमी आपलं मथुरीबाईच्या रानात गेलो, दर साली जातो तसं. बघतो तर रानात हिरवं. पिशव्यांत, वळीनं मांडल्यालं. मी म्हणलं, यंदा पाला आधीच ठेवला वाटतं."

हरणाबाईचं म्हणणं:

"मी म्हणलं हुतं, पिशव्या कशाला? तर ह्ये म्हणलं, मान वाढला आपला. दर मेंढराला येगळी पिशवी. मी म्हणलं, आसंल. कोकणातली माणसं शिकल्याली."

मेंढरांचं म्हणणं:

खात होती.


*पिशव्यांत काय होतं*

"मंग पिशव्यांत हुतं तरी काय?" आटपाडीला परतल्यावर शेजारच्या बनुबाईनं विचारलं. टँकर यायचा होता. घागरी उन्हात रांगेत होत्या आणि बायका सावलीत.

"झाडं," हरणाबाई म्हणाली.

"झाडं खाल्ली म्हणून यवढं?"

"खाडीची झाडं गं. आधी लय हुती तिथं, काठानं, दाट. कुणी सरपणाला तोडली, कुणी ईटभट्टीला. चिखलात उगावत्यात, कशाला कामाची, म्हणून तोडली. मंग लाटा थेट बांधावर यायला लागल्या. बांध फुटला आन खारं पाणी भाताच्या रानात. एकदा खारं बसलं की दोन-तीन सालं भाताचं नाव न्हाई."

"भात न्हाई तर मासं."

"मासंबी न्हाईत. मथुरीबाई म्हणती, माशाची, खेकड्याची बारकी पिल्लं त्या झाडांच्या मुळ्यांत वाढत्यात. मुळ्या गेल्या, पिल्लं गेली. तिचा ल्योक राघो जाळं टांगून ठिवून शिरवळला कंपनीत लागला. पुठ्ठ्याची खोकी करतो."

"भोई हाय न्हवं त्यो?"

"भोई हाय."

"आन खोकी करतो."

"करतो."

आटपाडीची माणसं बाहेर जातात ती पाणी नाही म्हणून. पाणी शेतात आलं म्हणून कुणी गाव सोडलं, हे बनुबाई पहिल्यांदाच ऐकत होती.

"मंग बायांनी ठरिवलं, झाडं परत लावायची," हरणाबाई म्हणाली. "पैल्यांदा शेंगा तशाच चिखलात रवल्या, त्या भरतीनं न्हेल्या. म्हणून मंग पिशव्यांत वाढिवल्या. पावसाळाभर. डोक्यावर टोपल्यानं चिखल आणून. गुडघाभर झाल्या, आता लावायच्या म्हणून मथुरीबाईच्या रानात मांडल्या. उद्या लावायच्या."

"आन तुमी कवा पोचला?"

"आज."

"तुमचं टायमिंग," बनुबाई म्हणाली. तिचा भाऊ सातारला एसटीत होता.


*बैठक*

भोईखारच्या देवळात बैठक झाली होती. अर्जुनाचा मुद्दा एकच होता. एडक्यानं तोंड लावलं आहे, म्हणजे जागा बसली आहे.

रीतीप्रमाणे तो बरोबर होता. त्यामुळे लोक जास्त चिडले.

मथुरीबाई उठली. झाडं लावणाऱ्या बायांची ती पुढारी, आणि शेतही तिचंच.

"जागा बसली," ती म्हणाली. "कबूल. पण पुढच्या उधाणाला ती जागा खाडीत जाणार. तुझ्या मेंढरांनी आमचा बांध खाल्लानी, अर्जुना. आता खाडीत बस, तुला कुणी उठवणार नाय."

वाडा उठला. तो हिवाळा त्यांनी कुठे एक रात्र, कुठे दोन रात्री, असा काढला. तयार जागा नसली की कोकरांचे हाल होतात. ते झाले.

वैशाखात परत निघण्याआधी नवरा-बायको मथुरीबाईच्या दारात जाऊन बसले. पुढच्या वर्षाचं काय, हे विचारायचं होतं. त्यांनी विचारायच्या आधीच मथुरीबाईनं आतून दोन पोती ओढत आणली. पोत्यांत हिरव्या लांब शेंगा होत्या, शेवग्यासारख्या, पण जाड आणि खाली टोकदार.

"तुमच्या मेंढरांनी खाल्लानी, तुम्ही वाढवा."

"मथुरीबाई, आमच्याकडं पाणी न्हाई," अर्जुना म्हणाला.

"आमच्याकडं लय झाला. म्हणून तर झाडां हवीत."

"समुद्रबी न्हाई."

"मीठ मिळतां?"

मीठ मिळत होतं.

"दिवाळीनंतर मी शिरवळला आहे, राघोकडं. सुनेचं बाळंतपण आहे. वाटेत मला झाडां दाखवायची. आणि मेंढरां पण. झाडां जगलेली पायजेत, आणि मेंढरांनी त्यांना तोंड लावता नये. एकदा चव लागलेली मेंढरां मी माझ्या गावात घेणार नाय. दोन्ही बरा असला तर घाट उतरा. नायतर तिथूनच मागं फिरा."


*मीठ*

तानाजी हा अर्जुनाचा धाकटा भाऊ, मिलिटरीतून पेन्शनवर आलेला. समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार घरात त्याचा होता, कारण तो दोन वर्षं विशाखापट्टणमला होता. अर्जुना आणि हरणाबाई आयुष्यभर दर हिवाळा खाडीच्या काठावर काढत आले होते, पण ती खाडी. समुद्र वेगळा, असं तानाजीचं म्हणणं होतं.

"समुद्र लय मोठा असतोय," तो म्हणाला.

इथवर कुणाचं दुमत नव्हतं.

"आन लय खारट. हे तुमी दोन बोटांनी मीठ टाकताय, ते समुद्राला चालायचं न्हाई. ओंजळीनं टाका. मी करतो, बघा."

परड्यातली पहिली रांग तानाजीनं घेतली. त्यानं पिशव्या दोरी लावून सरळ केल्या आणि प्रत्येकीत ओंजळभर मीठ ओतलं. रांग दिसायला सगळ्यात चांगली होती. आठवड्याभरात ती मेली. मेल्यावरही सरळ होती.

त्यानंतर हरणाबाईनं मीठ आपल्याकडे घेतलं. तिचं माप असं होतं: आमटीपेक्षा जास्त, लोणच्यापेक्षा कमी. प्रत्येक घागर ती आधी जिभेवर घेऊन बघायची. ऐन पावसाळ्यात तिला सारखी तहान लागायची आणि पाणी तर टँकरचं होतं.

पाण्याची वाट ठरलेली होती. टँकरचं पाणी आधी माणसांना, मग मेंढरांना, मग भांड्यांना, आणि भांडी धुतलेलं पाणी कांदळाला. त्यात थोडं मीठ आधीच असायचं. हरणाबाई ते वजा करायची.

"पुन्ना मीठ?" दुकानदार केरबानं विचारलं. "लोणचं घालताय व्हय?"

"न्हाई."

"मंग मेंढरांना?"

"झाडांना."

केरबानं मीठ बांधून दिलं. संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, अर्जुनाच्या परड्यावर कुणीतरी करणी केली आहे आणि तो ती मिठानं उतरवतो आहे. दुसरी, करणी अर्जुनानंच केली आहे. बनुबाईनं दोन्ही गोष्टी हरणाबाईला येऊन सांगितल्या आणि यातली कुठली खरी, असं विचारलं.

"तिसरी," हरणाबाई म्हणाली.


*योजना*

वाईचा अवधूत नावाचा तरुण कृषी सहायक डाळिंबं बघत गावोगाव फिरायचा. परड्यासमोर त्यानं मोटारसायकल थांबवली.

"हे कुठलं फळझाड?"

"फळ न्हाई सायेब. शेंग."

"उत्पन्न काय?"

"मासं," हरणाबाई म्हणाली.

अवधूतनं उघडलेलं पेन बंद केलं.

"कुठल्या योजनेतून मिळालं तुम्हाला हे?"

"मेंढरांनी खाल्लं, त्या योजनेतनं," अर्जुना म्हणाला.

"म्हणजे सरकारी नाही."

"न्हाई. मथुरीबाईची हाय."

"आणि अनुदान?"

"आनुदान न्हाई. झाडं मेली तर गाव बंद."

अवधूतनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं बारीक नजरेनं एक रोप पाहिलं. वरती जाड, चकचकीत पानं फुटली होती. आसपास पाहावं तिकडे पिवळं होतं.

"अवघड आहे," तो म्हणाला.

हे त्याचं एकट्याचं मत नव्हतं. पुढच्या खेपेला मात्र त्यानं सावली करायला जुनं गोणपाट आणून दिलं, आणि कुणाला सांगू नका म्हणाला. यात सांगण्यासारखं काय आहे ते अर्जुनाला कळलं नाही, पण त्यानं सांगितलं नाही.


*तोंड*

मीठ जमलं. आता मेंढरं.

फौजदार हा वाड्याचा म्होरक्या एडका. वळलेली शिंगं, गळ्यात घुंगूर आणि चेहऱ्यावर कायम तक्रार. भोईखारला सर्वांत जास्त पिशव्या त्यानंच खाल्ल्या होत्या. परड्याला काट्यांचं कुंपण होतं तरी तो रोज तिथं जाऊन उभा राहायचा आणि आत बघायचा.

"इसरला न्हाई त्यो," अर्जुना म्हणाला.

"तुमी तरी इसरलाय व्हय?" हरणाबाई म्हणाली.

मेंढरू कशालाही तोंड लावतं. आपल्याच लेंड्यांचा वास ज्याला आहे त्याला लावत नाही. हे अर्जुनाच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण घरापुढची तुळस त्याच जोरावर टिकली होती. हरणाबाईनं पाटीभर लेंड्या पाण्यात भिजवल्या, कालवल्या, आणि केरसुणीनं ते पाणी कांदळाच्या पानांवर शिंपडलं. मग कुंपण काढलं.

फौजदार आत गेला. त्यानं पानाला नाक लावलं. शिंकला. दुसऱ्या पानाला लावलं. पुन्हा शिंकला. मग तो मागे वळून हरणाबाईकडे बघत राहिला.

"बघू नको," ती म्हणाली. "तुझंच हाय."

दसऱ्यापर्यंत ती दर तीन-चार दिवसांनी पानं शिंपत राहिली. पुढे पुढे शिंपायची गरज उरली नाही. कांदळाचं जाड चकचकीत पान दिसलं की मेंढरं लांबूनच वाट बदलायची. हरणाबाई तरी शिंपायची. परड्याला असा वास यायचा की करणीची गोष्ट गावात परत सुरू झाली.


*वाट*

एरवी नवी कोकरं घोड्यांच्या पाठीवर, पडशीत बसून जातात. त्या वर्षी पडशीत कांदळ बसलं. कोकरं माणसांच्या खांद्यावर आली. तानाजीनं टेम्पो ठरवू म्हणून सुचवलं होतं. हरणाबाई म्हणाली, मेंढरं आणि झाडं बरोबर चालली पाहिजेत, तरच मथुरीबाईला पटंल. तानाजीनं एक कोकरू खांद्यावर घेतलं आणि परत काही सुचवलं नाही.

म्हसवड. देवळापाशी एका म्हातारीनं घोड्यावरच्या झाडाला नमस्कार केला. कसलं झाड ते विचारलं नाही.

फलटणच्या अलीकडे. कालव्याचं पाणी दिसल्यावर एक घोडी त्यात जाऊन बसली. पाठीवर काय आहे याचा तिनं विचार केला नाही. तिच्या पडशीतली निम्मी झाडं कालव्यातून पुढे गेली. कालवा उसाच्या रानात जातो.

लोणंद. कांद्याच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं आधी भाव विचारला आणि मग काय आहे ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "जाऊ द्या." पुढे गेल्यावर त्यानं पुन्हा हाक मारून विचारलं, "पण भाव काय?"

लोणंद ते शिरवळ. कुणी काही विचारलं नाही. हरणाबाई दर मुक्कामाला झाडं उतरवून पाणी घालत होती, जिभेवर घेऊन, आणि दर मुक्कामाला जगलेली झाडं पुन्हा मोजत होती.


*शिरवळ*

नीरा नदीच्या काठावर वाडा दरवर्षी उतरतो. वर हायवे, पलीकडे कंपन्यांची पत्र्याची छपरं. मथुरीबाई उन्हं उतरताना आली, पायात वहाणा आणि छातीशी कुंचीत गुंडाळलेला नातू. बरोबर राघो होता, कंपनीच्या निळ्या सदऱ्यात. सदऱ्याला पुठ्ठ्याचा भुगा लागला होता.

"नातू व्हय?" हरणाबाईनं विचारलं.

"नातू. इथलाच. खाडी बघितली नायन अजून."

झाडं मांडून ठेवली होती. राघो उकिडवा बसला आणि त्यानं एक पिशवी दाबून पाहिली.

"ह्या चिखल नाय."

"माती हाय आमची," अर्जुना म्हणाला. "मुरमाड."

"ह्याच्यात जगली?"

"समदी न्हाईत जगली."

"तां दिसतंय." राघोनं पिशवी खाली ठेवली नाही. हातातच धरून राहिला.

मथुरीबाईनं नातू हरणाबाईकडे दिला आणि झाडं बघायला घेतली. प्रत्येकाच्या देठाला नखानं ओरखडा काढायची, आतलं हिरवं दिसलं की पुढे. अर्जुना तिच्या मागून चालत होता. नख वाळक्यावर पडलं की मथुरीबाई झाड बाजूला ठेवायची, आणि अर्जुना ते उचलून पुन्हा बघायचा. शेवटचं झाड बघून ती उठली. जगलेल्यांची रांग बाजूला ठेवलेल्यांपेक्षा लांब होती. फार नाही.

"बुटकी आहेत," ती म्हणाली. "पण देठ जाड आहे. चालतील. आता मेंढरां सोडा."

झाडांच्या रांगेवर मेंढरं सोडली. कंपनीची पाळी सुटली होती. घरी जाणारे कामगार रस्त्याच्या कडेला थांबून बघू लागले. मेंढरं रांगेपाशी आली, दोन बाजूंना फुटली, आणि पलीकडे जाऊन पुन्हा एक झाली. झाडाला एकानंही तोंड लावलं नाही. फौजदार सर्वांत शेवटी आला. त्यानं एका पानाकडे पाहिलं, शिंकला, आणि गेला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना कशासाठी ते कळलं नाही, म्हणून त्यांनी वाजवल्या नाहीत.

"उतरा घाट," मथुरीबाई म्हणाली.

अर्जुना हलला नाही.

"जागा?" त्यानं विचारलं.

"जागा तिकडं, भोईखारला. माझ्याच रानात."

"पाला तुमच्या हातचा लागतोय. तुमी तर हितं. सव्वा म्हयना तुमी सुनंला सोडून हालणार न्हाई. तिथं आमच्याम्होरं पाला कोण ठेवणार? गेल्या साली कुणी ठेवायच्या आधी बसलो, काय झालं ते बघितलं. आता पाल्याबिगर बसायचं न्हाई."

यात चूक काढता येत नव्हती. मथुरीबाईनं इकडे तिकडे पाहिलं. नदीकाठाला हिरवं भरपूर होतं, पण ते शिरवळचं. भोईखारचं हिरवं शिरवळला एकच होतं.

तिनं रांगेतलं सर्वांत बारकं झाड निवडलं. त्याचा शेंडा खुडला आणि फौजदारापुढे ठेवला.

फौजदारानं मान वळवली.

"खा की रं," अर्जुना म्हणाला.

फौजदार नदीकडे बघत होता. अर्जुनानं शेंडा उचलून त्याच्या तोंडाशी धरला. फौजदार दोन पावलं मागे सरला. अर्जुना दोन पावलं पुढे गेला. हे नदीपर्यंत चाललं.

"आगं, सांग की त्याला," अर्जुना बायकोला म्हणाला.

"मी? चार म्हयनं खाऊ नको म्हणून शिकिवलं. आता खा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"शिंगां धरून घाला तोंडात," राघो म्हणाला.

"जबरीचं धरत न्हाईत," तानाजी म्हणाला. नियमाच्या बाबतीत तो कडक होता.

मथुरीबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

"म्हणजे ह्यानं खाल्लान तर घाट उतरता येत नाय," ती म्हणाली, "आणि नाय खाल्लान तर जागा बसत नाय."

तसंच होतं. हायवेवरून एक ट्रक गेला. नातू रडायला लागला आणि हरणाबाईनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एवढं मीठ, एवढी वाट, आणि शेवटी पानभर पाला. तिनं अर्जुनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. देवळातल्या बैठकीत तो असाच दिसत होता.

"ह्या वाड्याचा म्होरक्या कोण?" मथुरीबाईनं विचारलं.

"ह्योच की. फौजदार."

"आणि ह्याच्या पुढं कोण चालतो?"

"म्होरं मी असतोय."

मग अर्जुनाच्या लक्षात आलं की सगळे त्याच्याकडे बघत आहेत. तानाजीही बघत होता. नियमात हे बसतं का, याचा तो विचार करत होता, आणि बसत नाही असं त्याला ठामपणे म्हणता येत नव्हतं.

अर्जुनानं पागोटं सारखं केलं. शेंड्यावरचं पान तोडलं आणि तोंडात घातलं.

पान जाड होतं. तुरट होतं, खारट होतं, आणि चावलं तसं वाढत गेलं. अर्जुना सावकाश, एका बाजूनं, मान थोडी खाली घालून चावत राहिला. रस्त्यावरचे कामगार जवळ आले.

"आवं," हरणाबाई म्हणाली.

अर्जुनानं तिच्याकडे पाहिलं. तोंड चालूच होतं.

"पानं धुतल्याली न्हाईत. निघताना शिंपली हुती."

अर्जुनाचं तोंड थांबलं. त्यानं मथुरीबाईकडे पाहिलं. मथुरीबाई वाट बघत होती. त्यानं गिळलं.

"जागा बसली," मथुरीबाई म्हणाली आणि हरणाबाईकडून नातू परत घेतला. "राघो, त्यांच्याबरोबर जा. झाडां लावून ये. कंपनीला सांग, आई आजारी आहे."

"तू तर इथंच फिरतेस."

"मग सांग, बरी झाली. जा तू."

राघोनं सदऱ्यावरचा भुगा झटकला. मघापासून धरलेली पिशवी त्याच्या हातातच होती. ती त्यानं स्वतःच जाऊन घोडीच्या पडशीत नीट उभी केली.

अर्जुना नदीवर चूळ भरायला वाकला. शेंड्याची उरलेली दोन पानं तिथंच वाळूत पडली होती. फौजदार आला. त्यानं ओणव्या अर्जुनाकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, आणि मान पुढे केली.

हरणाबाईनं त्याच्या नाकावर एक चापट मारली आणि दोन्ही पानं उचलून कंबरेला खोचली.